मोजणीत एक जास्त

आज दुपारी दोन वाजता सान पेद्रोच्या चौकात मी पिवळी छत्री उघडली, माणसं मोजली आणि नऊ म्हणाले. "आठ आहोत हो आम्ही," चष्म्याची साखळी गळ्यात अडकवलेल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं पोट वेगळं धरलंत की काय?" सगळे हसले. नवराही हसला, पोटावरून हात फिरवत. मीही हसले आणि पुन्हा मोजलं. आठच होती. मी बोट दाखवून मोजत नाही. बोटानं मेंढरं मोजतात, माणसं नाही, असं माझ्या सासूबाई म्हणतात, म्हणून सहा वर्षं मी हनुवटी जराशी उचलून मोजते, बघणाऱ्याला वाटावं मान डोलावतेय. दर चौकात, दर वळणावर, बाजाराच्या तोंडाशी आणि बाजाराच्या शेपटाशी, मी ला पाझ शहरात सहलीचे पाहुणे मोजत हिंडते. झोपेतसुद्धा मोजतेस, असं विल्मर, माझा नवरा, म्हणतो. सहा वर्षांत कधी चुकले नव्हते. आज एक जास्त कोण धरलं गेलं ते मला कळलं होतं. माझी हनुवटी आठ माथ्यांवरून जाऊन शेवटी खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीला झुकली होती, आणि तिथे जून महिन्याचं, आमच्या हिवाळ्याचं, कोरडं ऊन सोडून काही नव्हतं.

माझ्या मुलीला, आनाहीला, आम्ही आनी म्हणतो. अडीच वर्षांची आहे. बारा दिवस झाले, ती एक शब्द बोललेली नाही. ताप नाही, रडणं नाही. सूप पुढे ठेवलं की सूपकडे बघते, चमचा तोंडाशी नेला की तोंड उघडते. दिवा तसाच ठेवून घरातली माणसं बाहेर गेलेली असावीत आणि आपण खिडकीतून डोकावत असावं, तसं तिच्या डोळ्यांत बघताना होतं. डॉक्टरांनी कानात बघितलं, घशात बघितलं, टाळी वाजवून बघितली. टाळीला पापणी लवली. "ऐकू येतंय. मुलं कधीकधी गप्प होतात, महिन्यानं आणा," ते म्हणाले, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुम्ही झोपता का?" मी हो म्हणाले. मी रात्रभर तिच्या नाकाखाली बोट धरून बसते हे सांगण्यासारखं नव्हतं. त्याआधी या मुलीच्या बडबडीनं आमचा जीव खाल्ला होता. मोजायला माझ्याकडूनच शिकली होती: एक, दोन, आनी. तिसऱ्या आकड्याच्या जागी स्वतःचं नाव, आणि छातीवर बोट आपटायचं. बटाटे असोत, पायऱ्या असोत, खिडकीतून दिसणारे रोपवेचे लाल पाळणे असोत, एक, दोन, आनी. सासूबाई तिचं बोट खाली करायच्या, "बोट नको गं, बोट नको," आणि ती दुसऱ्या हाताचं बोट काढायची.

साखळीच्या चष्म्याच्या बाईंचं नाव मीर्ता, नवऱ्याचं ओस्वाल्दो. अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावचे. तो दाताचा डॉक्टर होता, आता निवृत्त, त्यामुळे माझ्याशी बोलताना माझ्या दातांकडे बघत होता. एक योरिस नावाचा उंच डच मुलगा होता, कॅमेरा डोळ्याला लावूनच जन्मलेला. बाकी पाच जण चांगले होते, म्हणजे हळू चालणारे, न हरवणारे. आम्ही बाजारातून चालू लागलो. बटाट्यांच्या ढिगांपाशी मीर्ता म्हणाली, "आमची भाजीवाली तुमच्याकडचीच. टोमॅटो निवडायला हात घातला की हातावर चापट मारते. तीस वर्षं मार खातेय." मी हसले आणि माझी आई आठवली. भाजी नाही विकत ती, ब्वेनोस आयरेसच्या एका तळघरात बसून शर्टांच्या कॉलर शिवते. मी नऊ वर्षांची असताना गेली, दोन वर्षांसाठी म्हणून. अजून दोन वर्षंच चालू आहेत. माझी वाक्यं तोंडातून आपोआप येत होती, कुठे हसतील ते ठरलेलं, कुठे फोटो काढतील ते ठरलेलं, आणि त्या वाक्यांच्या खाली, नळाखाली बादली भरावी तसं, काहीतरी भरत चाललं होतं. काल सासूबाईंशी झालेलं बोलणं होतं ते.

"उद्या मंगळवार," त्या भांडी घासत म्हणाल्या होत्या. "मंगळवार नाही तर शुक्रवार. मागचा शुक्रवार तू घालवलास."

"आई, मला कामावर जायचंय."

"कामावर जातेसच की तिथून. रोज त्याच पायऱ्यांवरून जातेस. जिथे पोरीचा जीव सुटला तिथे जायचं, नावानं तीनदा बोलवायचं. उन्हं कलताना. मग तिची टोपी पोटाशी धरायची आणि सरळ घरी. मागे बघायचं नाही. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोललीस, तर तो त्या माणसाच्या मागे जातो. पोराचाच जीव तो, हाक येईल तिकडे जाणार."

"मग तुम्हीच बोलवा ना. तुम्हाला येतं."

त्यांनी भांडं पालथं घातलं. "मी बोलवून येईल होय? हात कुणी सोडला?"

विल्मर मिनिबसच्या हिशेबात डोकं घालून बसला होता. "आई म्हणते ते करून टाक ना एकदा," तो म्हणाला, "काय जातंय आपलं?" काय जातंय ते त्याला कसं सांगायचं. मी विद्यापीठात पर्यटन शिकले, पहिल्या वर्गात आले. माझ्या प्रबंधाचा विषयच हा होता, आजायु, म्हणजे माणसाच्या आतला तो जीव, जो दचकला की सुटून जातो आणि ज्याला परत बोलवावं लागतं. चौऱ्याऐंशी पानं. सासूबाईंच्या मुलाखतीची सोळा. पुढे त्या चौऱ्याऐंशी पानांची मी साडेतीन मिनिटं केली आणि रोज दोनदा विकायला लागले. जे रोज दोनदा विकलं ते स्वतःच्या पोरीसाठी खरं कसं धरायचं? आणि समजा खरं धरलं, समजा मी त्या पायऱ्यांवर उभी राहून हाक मारली, आणि तरी आनी बोलली नाही, तर? हाक न मारण्यात निदान एक हाक शिल्लक होती. मी ती बारा दिवस जपून ठेवली होती, फडताळात ठेवलेल्या शेवटच्या साखरेसारखी.

लिनारेसच्या गल्लीत जडीबुटीची दुकानं लागली. नीकोलासाच्या दुकानापुढे मी थांबते, तिच्याकडे सावली असते आणि फोटो काढू देते. वाळलेली झाडपत्ती, रंगीत साखरेच्या वड्या, लोकरीचे गुंडे, असं सगळं तिच्याभोवती आणि मध्ये ती, टोपी डोक्यावर ठेवलेल्या डोंगरासारखी. "आमच्याकडे आजायु बटाट्यासारखा असतो," हे माझं वाक्य. "पोतं फाटलं की घरंगळतो. आणि शहर असं उताराचं. कुठे जाऊन थांबेल, सांगता येत नाही." इथे हसतात. आज मी पोतं फाटलं की, इथपर्यंत आले आणि पुढचा घरंगळतो मला म्हणता येईना. मी ते सोडून दिलं आणि बाकीचं सांगितलं, तीनदा नाव घेणं, टोपी, मागे न बघणं, न बोलणं. साध्या आवाजात सांगितलं गेलं. कुणी हसलं नाही. योरिसनं कॅमेऱ्याआडून विचारलं, "आणि वाटेत फोन आला तर?" ओस्वाल्दो म्हणाला, "तुझाच असेल." मग हसले. तेवढ्यात नीकोलासा आमच्या स्पॅनिशमध्ये, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "कासेरिता, पोरगी बोलली का?" दुकानदार गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाईक दुकानदाराला इथे कासेरिताच म्हणतं, त्यामुळे कोण कुणाचं घेणेकरी ते कधी कळत नाही. मी मान हलवली. "मग कशाची वाट बघतेस? तिकडे थंडीत काकडत असेल तो. बारा रात्री." तिनं एक साखरेची वडी माझ्या हातात कोंबली. मीर्तानं चष्मा डोळ्यावर चढवला, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाशी आलेला विनोद गिळून टाकला, हे मला दिसलं. स्पॅनिश तिचीही भाषा होती.

सहा वर्षांची असताना मी खड्ड्यात पडले होते. आमच्या गावी, पठारावर. पडल्याचं आठवत नाही, पण त्यानंतरचं सगळं कुणीतरी गोधडी पांघरून माझ्याकडे पाठवल्यासारखं, जाड आणि मऊ आठवतं. मी चुलीजवळ पडलेली. आणि लांबून, फार लांबून, आईचा आवाज, रोक्साना, ये, ये, घरी ये. आई घरात नव्हती, खड्ड्यापाशी होती, ते मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं मीच कुठेतरी लांब आहे, गवतात, आणि घर मला बोलावतंय. मी गवतातून चालायला लागले. पायाला गवताचं टोचणं आजही आठवतं. आणि मग दार, आणि आईच्या हातातला माझा सदरा, गार. पुढे ती सीमेपलीकडे गेली तेव्हा मी रात्री गोधडीत तोंड खुपसून वाट बघायचे, की आता हाक येईल. आता तिचा आवाज फोनवर येतो, शिलाई यंत्राच्या खडखडीसकट. रोक्साना, जेवलीस का. त्या खडखडीतून मला ते गवत ऐकू येत नाही. ते मी विद्यापीठात लिहिलं नाही. चौऱ्याऐंशी पानांत ते गवत कुठेच नव्हतं.

सान फ्रान्सिस्कोच्या चर्चपुढच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि दगडांना मधासारखा रंग आला होता. हीच ती जागा. बारा दिवसांपूर्वी सासूबाई गावी बटाटे थंडीत वाळवायला गेल्या होत्या, म्हणून मी आनीला पाठीवर बांधून सहलीला आणलं होतं. अकरा जण होते. सगळा वेळ पाठीवरून एक, दोन, आनी. पायऱ्यांवर ती चालायचं म्हणून हटून बसली. मी तिला खाली उतरवलं, हात धरला. खाली रस्त्यावर मोर्चा होता, तो तर रोजच असतो. मग मोर्चातल्या कुणीतरी सुरुंगाची कांडी पेटवली. कानात पांढरं झालं. कबुतरं उडाली, धूर आला, माणसं धावली. मी छत्री उंच केली, ओरडले, इकडे, माझ्याकडे, पिवळ्या छत्रीकडे, आणि मोजलं. एक ते अकरा. सगळे होते. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी विसरू शकत नाही. पूर्ण एक श्वासभर मला बरं वाटलं होतं, आणि मग माझा डावा हात मला हलका लागला.

ती सापडली बूटपॉलिशवाल्यांपाशी. इथले पॉलिशवाले तोंडावर लोकरी बुरखा ओढतात, ओळखीच्यांनी ओळखू नये म्हणून, नुसते डोळे दिसतात. तशा एका बाप्यानं तिचा हात धरला होता. "मॅडम, ही तुमचीच का?" माझीच, असं मी म्हणाले. त्यानंतर ती बोलली नाही.

तो आजही तिथेच होता, त्याच खोक्यावर. बुरख्यातले डोळे माझ्या छत्रीवरून माझ्यावर आले. "मॅडम, त्या दिवशीची पोरगी बरी आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले. मग म्हणाले, "बोलत नाही."

"तुम्हाला सापडली ती जागा खरी नाही," तो म्हणाला. "इकडे मी आणली तिला, लोकांच्या पायाखाली येईल म्हणून. उभी होती ती तिकडे. तो तुटका दगड आहे ना, त्याच्यावर. तुमच्यापासून पाच-सहा हातांवर." त्यानं ब्रशनं दाखवलं. "धावलीबिवली नाही. तुमच्या छत्रीकडे बघत उभी होती. तुम्ही मोजत होता. तिला वाटलं असेल, मोजत मोजत याल तिच्यापर्यंत."

मी चर्चच्या तिकिटांसाठी पिशवीत हात घातला होता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं, कारण हाताला लोकर लागली. आनीची कानटोपी. पिशवीच्या तळाशी, माझ्या पाण्याच्या बाटलीखाली, घडी करून. सकाळी मी पिशवी भरली तेव्हा ती नव्हती. सासूबाईंनी कधी ठेवली, देव जाणे. टोपीत तिच्या केसांचा वास होता, दुधाचा आणि धुराचा. सहलीचं पुढचं ठिकाण मुरिल्यो चौक होता, तिथलं उलटं फिरणारं घड्याळ दाखवायचं होतं, त्यावर माझा एक विनोद आहे. आठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी छत्री मिटली. सहा वर्षांत सहलीच्या मध्ये मी छत्री मिटलेली नव्हती. तुटक्या दगडाशी गेले, गुडघ्यांवर बसले, नीकोलासाची साखर दगडाच्या भेगेत ठेवली. मला वाटलं माझा रोजचा आवाज येईल, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा, कमावलेला. तो आला नाही. जो आला तो जाडसर होता, पठारावरच्या बाईचा, दोन वर्षांसाठी गेलेल्या बाईचा. आनाही, ये. ये, घरी ये. लोक जात-येत होते. इथे कुणी थांबून बघत नाही, बाजूनं वाट काढतात. आनाही, ये. मोजलं नाही मी तुला. आता ये. हे शेवटचं सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी नुसतं आनी म्हणाले, कारण ती स्वतःला तेच म्हणते.

टोपी जड झाली असं मी लिहिणार नाही. टोपी होती तेवढीच होती. मी ती स्वेटरच्या आत पोटाशी धरली, उठले आणि घराकडे चालू लागले, आणि वीस पावलांवर माझी चूक मला कळली. सहल संपली, असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि आता सांगता येत नव्हतं.

वाटाड्या पुढे चालू लागला की पाहुणे मागे चालू लागतात, त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मागे पावलं वाजत होती. किती, ते कळेना. वळायचं नव्हतं. चढ सुरू झाला, गाड्यांच्या मधून मी जशी जात होते तशी ती पावलं जात होती, आणि माझी हनुवटी आपोआप उचलली जायची आणि समोर नुसता चढ असायचा. मी कानांनी मोजायचा प्रयत्न केला. ओस्वाल्दोचे जड बूट. योरिसची लांब टांग. मीर्ताच्या साखळीची किणकिण. आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठे, किंवा सगळ्यांच्या पुढे, माझ्या अगदी टाचेशी, गवतातून चालल्यासारखं काही. खिशात फोन थरथरला, विल्मर असणार, थरथरून थांबला. "माफ करा," योरिसचा आवाज आला, "हे प्रात्यक्षिक आहे की..." आणि ओस्वाल्दो दबक्या आवाजात म्हणाला, "बाळा, तोंड मीट. आणि ते यंत्रही मीट." सगळं शहर जणू पाण्याखाली गेलं होतं. मिनिबसच्या दारातून नावं पुकारणारे, संत्र्याचा रस काढणाऱ्या बायका, सगळ्यांची तोंडं हलत होती आणि माझ्यापर्यंत नुसता ऊबदार गुंजारव येत होता. ज्या शहराबद्दल मी सहा वर्षं बोलत आले ते शहर पहिल्यांदाच मला मध्येच तोडत नव्हतं, किंवा मी त्याला.

रोपवेच्या फाटकावर मी माझं कार्ड नऊ वेळा टेकवलं. पाळण्यात दहा माणसं बसतात. मी आधी चढले, डोंगराकडे तोंड करून बसले, मागून सगळे आले. माझ्याशेजारची एक जागा उरली. दारावरच्या माणसानं बाहेर रांगेकडे हात केला, "एक जण, एक जण या लवकर." मीर्तानं हात लांब करून त्या रिकाम्या जागेवर ठेवला. "इथे आहे कुणीतरी," ती म्हणाली. त्या माणसानं जागेकडे बघितलं, मग माझ्या स्वेटरमधून लोंबणाऱ्या टोपीच्या लोकरी गोंड्याकडे. तो इथलाच होता. त्यानं हात खाली केला आणि दार लागू दिलं.

पाळणा सुटला. खाली छपरं, वाळत घातलेले कपडे, एका गच्चीवर कुत्रा, मग दफनभूमीचे भिंतीतले कोनाडे, प्रत्येकात फुलं, प्रत्येकाला छोटी काच, खालून वर चढत गेलेली मोठी वस्ती. मागे कुठेतरी इयिमानी शिखराचं बर्फ गुलाबी होत असणार, पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर त्याचा उजेड पडला होता, आणि कुणी फोटो काढत नव्हतं. मीर्तानं तिचा हात त्या जागेवरून उचलला नाही. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा, वजन न देता.

दफनभूमीच्या स्थानकापासून आमचं घर दोनशे दहा पायऱ्या. कुत्री भुंकली नाहीत असं नाही, भुंकली. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे कोण पाहुणे, आणि मला बघून गप्प झाल्या. सासूबाई दारात बसल्या होत्या, शेवटच्या उन्हाच्या पट्ट्यात, आनी त्यांच्या घेरदार घागऱ्यावर. त्यांनी मला बघितलं, माझ्या मागे पायरीपायरीवर उभी राहिलेली, धापा टाकणारी आठ परकी माणसं बघितली आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. मी टोपी काढली. माझ्या पोटाची ऊब तिच्यात होती. आनीच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढली, नाडी बांधली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीतून डोकावत होते. आत दिवा होता. मला वाटलं, झालं, ती शेवटची हाकही वापरून झाली.

मग तिनं मान वाकडी करून माझ्या कमरेच्या बाजूनं पलीकडे बघितलं. हात वर आला. बोट निघालं. सासूबाईंचा हात सवयीनं ते बोट खाली करायला उठला आणि तसाच हवेत राहिला.

"एक," आनी म्हणाली. आवाज गंजला होता. बोट ओस्वाल्दोच्या पोटाकडे होतं.

"दोन." मीर्ता.

बोट तिथेच थांबलं. पायऱ्यांवर कुणी हललं नाही. खाली लांब पाळणे चढत होते, उतरत होते. बोट हळूच वळलं, टोपीच्या नाडीत अडकलं, सुटलं, आणि छातीवर आपटलं.

"आनी."

सासूबाईंनी हात खाली घेतला आणि घागऱ्याला पुसला, जणू तो ओला होता. "आता बोललीस तरी चालेल, पोरी," त्या मला म्हणाल्या. "आणि आधी त्या लोकांना आत बोलाव. धाप लागून मरतील."

मी वळले. माझी हनुवटी उचलली गेली, खालच्या पायरीवरच्या योरिसपासून वर, एकेक माथ्यावरून, मीर्ताच्या साखळीवरून, आणि मग खाली, गुडघ्याच्या उंचीला, आनीच्या टोपीवर.

"नऊ," मी म्हणाले.

या वेळी मीर्तानं दुरुस्ती केली नाही.